तिरकं लाकडी फ्लोअरिंग करताय? पहिली फळी बसायच्या आधी एवढं बघून घ्या

खऱ्या लाकडाचं फ्लोअरिंग ४५ अंशात तिरकं टाकलं की फ्लॅटमधली छोटी बेडरूमसुद्धा ऐसपैस वाटते, मला तर सरळ पट्ट्यांपेक्षा हेच जास्त आवडतं, पण यातलं निम्मं काम फळी हातात घ्यायच्या आधीच असतं आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं, म्हणून हे लिहितेय.

आधी सीझन बघा. पुण्यात जुलै-ऑगस्टला हवेत एवढा दमटपणा असतो की लाकूड फुगलेलंच बसतं आणि मग मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकसून फळ्यांमध्ये फटी दिसायला लागतात, त्यामुळे दिवाळीनंतर काम काढलेलं बरं. सोसायटीची परवानगी आणि मशीन चालवायच्या वेळा आधीच विचारून ठेवा.

मालाचा हिशोब वेगळा आहे. सरळ टाकताना ५ ते १० टक्के जास्त माल पुरतो, तिरक्याला १५ धरा, कारण प्रत्येक ओळ दोन्ही टोकांना तिरकी कापावी लागते आणि उरलेला तुकडा दुसरीकडे बसेलच असं नाही, टंग-ग्रूव्हची, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या कडेच्या जिभेची आणि खाचेची, बाजू उलटी येते. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीला १२० नाही, १३८ स्क्वेअर फूट. टिंबर मार्केटमधून सागवान घ्या नाहीतर शोरूममधून तयार बॉक्स, पण सगळा माल एकाच लॉटचा घ्या, मागून आणलेल्याचा रंग जुळत नाही. आणि तो थेट त्याच खोलीत रचायचा, मध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल असा, पार्किंगमध्ये अजिबात नाही. किती दिवस ठेवायचा ते मॉइश्चर मीटरवर ठरवा, फळ्यांखाली टाकायचा प्लाय आणि फळी यांच्या ओलाव्याच्या रीडिंगमधला फरक ४ टक्क्यांच्या आत हवा, फळी ३ इंच किंवा त्याहून रुंद असेल तर २ च्या आत. "हात लावला की कळतं" हे उत्तर मान्य करू नका प्लीज.

जमिनीचं म्हणाल तर आधीच्या टाईल्सवर नाणं वाजवत अख्खी खोली फिरा, जिथे पोकळ आवाज येईल ती टाईल काढून पक्की करून घ्या. दहा फुटी सरळ अॅल्युमिनियम पट्टी टाकून बघा, खाली ५ एमएमपेक्षा जास्त खड्डा असेल तर तो आधी भरा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीची ओल आणि वाळवी, दोन्हीचा बंदोबस्त आत्ताच, नंतर सगळं उखडावं लागतं. टाईलवर १२ एमएमचा प्लाय आणि १८ ची फळी म्हणजे जमीन ३० एमएम वर येणार, तेव्हा दार खालून किती कापायचं, बाल्कनीच्या स्लायडिंगच्या ट्रॅकचं काय आणि पॅसेजकडे पट्टी कशी द्यायची हे सुताराबरोबर उभं राहून ठरवा.

आता खरी गोष्ट, पहिली लाईन. भिंतीवर भरवसा ठेवू नका, आपल्याकडे काटकोनातली खोली क्वचितच सापडते. जी भिंत दारातून समोर दिसते तिला समांतर एक लाईन खोलीच्या मधोमध मारा, तिच्यावर ३-४-५ फुटाच्या मापाने (एका लाईनवर ३, दुसरीवर ४, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५) काटकोन काढून दुसरी लाईन मारा, मग दोघी जिथे छेदतात तिथून दोन्हींवर ४-४ फुटांवर खूण करा आणि त्या दोन खुणा दोरीने जोडा, हीच तुमची ४५ ची लाईन, ती दोन्हीकडे भिंतीपर्यंत वाढवून घ्या. दोरी ताणून रंगाचा फटका मारताना दोन्ही टोकांना माणूस हवा, एकट्याने केलं की ती सरकते. काम कोपऱ्यातून सुरू न करता या लाईनपासून दोन्हीकडे न्यायचं, त्यासाठी पहिल्या ओळीच्या ग्रूव्हमध्ये बसणारी जोडपट्टी मालाबरोबरच मागवा, ही हमखास विसरते.

फळ्या आणि भिंत यांच्यात गॅप चारही बाजूंना १२ एमएम. लाकूड रुंदीच्या दिशेने जास्त फुगतं, सरळ टाकलं की मुख्य जोर दोन भिंतींवर येतो, तिरकं टाकलं की चारही बाजूंना सरकतं. फ्लॅटमध्ये टाईलचं स्कर्टिंग आधीच असतं, तेव्हा गॅप झाकेल अशी लाकडी बीडिंग मालाच्या ऑर्डरमध्येच धरा.

फळ्या कापायचं मशीन डावी-उजवीकडे दोन्ही बाजूंना ४५ ला फिरणारं हवं, ब्लेड नवीन. गोंद लावायच्या आधी पाच-सहा ओळी कोरड्याच मांडा आणि दारात उभं राहून बघा. शेवटी उरेल त्यातला एक बॉक्स दुरुस्तीला ठेवा, पण बाथरूमवरच्या माळ्यावर टाकू नका, तिथे ओल असते.