मनगट दुखतंय? दवाखाना गाठायचा की थांबायचं, हे घरी कसं ठरवायचं

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्याकडे खानदेशात घरटी एकजण तरी मनगट धरून बसलेला असतो, "हात दुखस" म्हणत बाम लावतो, रात्री हळदीचा लेप घालतो आणि सकाळी परत वावरात. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही. माझ्या भावाचं नाही भागलं, म्हणून हे लिहितेय.

दादा केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून तळहातावर पडला. सूज थोडीशीच, बोटं सगळी हलत होती, मग जो तो म्हणाला हाड शाबूत आहे, नुसती लचक भरलीय, चोळून घे. त्याने चोळून घेतलं आणि घड वाहत राहिला. तीन महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं होतं आणि ते जुळलंच नव्हतं, शेवटी ऑपरेशन करून स्क्रू टाकावा लागला.

म्हणून पहिल्यांदा हे विचारा, की दुखणं सुरू कशाने झालं. किती दुखतंय ते नंतर. पडून, आपटून किंवा गाडीवरून घसरून झालं असेल तर बोटं हलतात याला काही अर्थ नाही, मोडलेल्या हातानेही बोटं हलतात. अंगठा वर ताणून धरा, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन शिरांच्या (रक्ताच्या नव्हे, स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधे खळगा पडतो, पूर्वी लोक ओढायची तपकीर तिथेच ठेवायचे. त्या खळग्यात बोटाने दाबून बघा. दुसऱ्या हातापेक्षा तिथे जास्त दुखलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी एक्स-रे. या हाडाला रक्त एका टोकाकडूनच जास्त मिळतं, त्यामुळे ते मोडलं आणि तसंच राहिलं तर एक तुकडा वाळून मरू शकतो. आणि हेही लक्षात ठेवा की पहिल्या एक्स-रेत ही मोड कधीकधी दिसतच नाही, अशा वेळी डॉक्टर आधार लावून 10 ते 14 दिवसांनी परत बोलावतात, तेव्हा दुखणं कमी झालं म्हणून जायचं टाळू नका. घरात म्हातारं माणूस असेल, किंवा पाळी गेलेल्या काकू-मावशी असतील, तर त्यांची हाडं ठिसूळ असू शकतात, साधं ओट्यावरून घसरून पडल्या तरी एक्स-रे काढा.

आता घरी थांबायचंच नाही अशा गोष्टी. मनगट वाकडं दिसतंय, हाड जखमेतून डोकावतंय, बोटं पांढरी-निळी किंवा गार पडलीत, पडल्यावर बधिरपणा आलाय. तसंच न पडता मनगट लालभडक, गरम, सुजलेलं आणि सोबत ताप, खास करून काटा घुसल्यानंतर किंवा जखम झाल्यावर, तर सांध्यात पू झालेला असू शकतो, एक रात्रही काढू नका. निघायच्या आधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा, सूज वाढली की मग त्या वस्तू कापून काढाव्या लागतात. हात आहे तसाच पुठ्ठ्यावर ठेवून फडक्याने सैल बांधा, ओढून बसवायला कोणालाही देऊ नका. डाव्या हाताच्या दुखण्यासोबत छातीत दाब आणि घाम असेल तर ते मनगटाचं दुखणं समजू नका, 108 ला फोन लावा.

यातलं काहीच नाही, नुसतं कामाने भरून आलंय, तर थोडं थांबायला हरकत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही खापरावरच्या पुरणपोळ्यांची कणीक तिंबतो तेव्हा माझं होतंच. दुखणारं काम दोन-चार दिवस दुसऱ्यावर सोपवायचं, बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं दिवसातून तीन-चारदा. मार लागून सूज असेल तर पहिले दोन दिवस शेक आणि मालिश नको. मेडिकलवरून चार गोळ्यांची पुडी घेऊ नका, बीपी, किडनी, अल्सर किंवा गरोदरपण असेल तर काही पेनकिलर महागात पडतात, आधी विचारा. दिवसेंदिवस उतार पडत असेल तर ठीक. दोन आठवड्यांत फरक नाही, की भांडं धरताना हातातून सुटतं, की डॉक्टरांकडे जा.

काही खुणा ओळखून ठेवा. तान्हं बाळ उचलणाऱ्या आईला अंगठ्याच्या बाजूने कळ येते, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की जास्तच, तो बहुतेक शिरांच्या आवरणाचा दाह असतो. रात्री मुंग्यांनी जाग येते, अंगठा ते अर्धी अनामिका बधिर होते, हात झटकला की बरं वाटतं, तर नस दबतेय, सोबत शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या. दोन्ही मनगटं सकाळी अर्धा-एक तास आखडलेली राहत असतील तर संधिवाताची तपासणी लवकर करा.

जायचं कुठे तर आधी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. पुढचं काही लागलं तर धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज किंवा जळगावचं सिव्हिल. डॉक्टरांना कधी, कसं पडलात आणि कुठल्या बोटाला मुंग्या येतात हे नेमकं सांगा, चोळून घेतलं असेल तर तेही लपवू नका. दादाने ते सांगितलंच नव्हतं. आजही त्याला तळहात टेकवून उठता येत नाही.