आकाशातून पडलेले यानाचे तुकडे शोधायचे कसे

नकाशा, जीपीएस, भरपूर पाणी, सोबत किमान एक माणूस, जमीनमालकाची परवानगी. एवढं तुम्ही करणारच, म्हणून पुढे जातो.

खरी अडचण असते ती शोधायचं कुठे ही. 'उजेड जिथे विझला, तिकडे जा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो माणसांना फुकट पायपीट करायला लावतो. तुकडा पेटलेला दिसतो तो वेगामुळे. वेग ओसरला की तो विझतो, पण तेव्हाही तो जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंच असतो. पुढचं पडणं अंधारात, कुणालाही न दिसता होतं. 'त्या टेकडीमागेच पडलं' असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने पाहिलेला उजेड टेकडीपलीकडे शंभर किलोमीटरवरचाही असू शकतो. म्हणून 'कुठे पडलं' हे विचारूच नका. माणसाला तेव्हा उभा होता तिथेच पुन्हा उभं करा, हाताने दिशा दाखवायला सांगा, होकायंत्रावर अंश घ्या. एकमेकांपासून लांब असलेल्या दोन-तीन साक्षीदारांच्या रेषा जुळल्या की मार्गाची पट्टी आखता येते.

पट्टीवर नेमकं कुठे, हे कळायला मलाही बराच काळ लागला. जड, घट्ट तुकडे मार्गावर पुढे जातात, पत्रे आणि फोम आधीच गळून पडतात. 2003 साली नासाचं कोलंबिया हे अंतराळयान परतताना अमेरिकेतल्या टेक्सासवर फुटलं, तेव्हा इंजिनांचे वजनदार भाग पार पूर्वेकडच्या लुइझियाना राज्यात सापडले. तेव्हा पत्र्याचा तुकडा मिळाला म्हणून त्याच्याभोवतीच घिरट्या घालू नका. इंधनाच्या टाकीसारखा जड भाग हवा असेल तर यान ज्या दिशेने चाललं होतं तिकडे सरका. हलक्या तुकड्यांना वाराही बाजूला नेतो, आणि तो वरच्या थरांतला वारा. त्या दिवशीच्या हवामान फुग्यांच्या नोंदी काढा. वर पश्चिमेचा जोरदार वारा असेल, तर हलक्या तुकड्यांची पट्टी पूर्वेला सरकवा. जमिनीवर धूळ कुठे उडतेय हे बघून पट्टी सरकवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

चालायचं ओळीने, शेजाऱ्याच्या पायाखालची जमीन दिसेल इतक्या अंतराने.

नजर ठेवा टायटॅनियम धातूच्या गोल टाक्यांवर म्हणजे गोळ्यांवर, धाग्यांनी गुंडाळलेल्या टाक्यांवर, मोठ्या धातूच्या कड्यांवर. 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पडलं ते असंच कडं आणि गोळे. टायटॅनियम वितळायला 1,668 अंश सेल्सिअस लागतात, ॲल्युमिनियमला 660 पुरतात, म्हणून टायटॅनियमच जमिनीपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त.

सापडलं की हात लावायचा नाही, म्हणजे नाही. टाकीत हायड्रॅझिन हे विषारी इंधन उरलेलं असू शकतं, म्हणून वारा तुमच्याकडून तुकड्याकडे वाहील अशा बाजूला मागे या. 1978 मध्ये कॅनडात कोसळलेल्या कॉसमॉस 954 या सोव्हिएत उपग्रहावर तर अणुभट्टी होती. लांबून फोटो, अक्षांश-रेखांश, आणि पोलिसांना फोन. घरी नेऊन शोकेसमध्ये मांडायचा बेत असेल तर तोही सोडा: 1967 च्या अंतराळ करारानुसार ते यान ज्याचं होतं, त्याच्याच मालकीचे हे तुकडेही राहतात.