क्युबेक सिटी: दोन रात्री, दोन मजले

नकाशा बघून कॅनडातल्या क्युबेक सिटीचा बेत आखू नका. नकाशावर हॉटेल आणि फेरीबोटीचा धक्का यांच्यात बोटभर अंतर दिसतं. प्रत्यक्षात मधे सरळसोट कडा उभा असतो. सेंट लॉरेन्स नदीलगतच्या अरुंद पट्टीवर खालचं गाव, कड्यावर तटबंदीतलं वरचं गाव, असं हे दुमजली शहर. ‘आज काय बघायचं’ याआधी ‘आज कुठल्या मजल्यावर राहायचं’ ते ठरवा. नाहीतर जेवणवेळेपर्यंत तीनदा चढउतार होते आणि संध्याकाळी पाय बोलू लागतात.

आधी तारखा. जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत इथल्या बांधकाम व्यवसायाला सुट्टी असते आणि अख्खा क्युबेक प्रांत फिरायला निघतो, त्यामुळे खोल्या महाग आणि लवकर भरलेल्या. 24 जून हा प्रांताचा सण, बरीच दुकानं बंद. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा आमच्या मते सर्वांत चांगला काळ: झाडं लाल-पिवळी, हवा चालण्याजोगी. फक्त ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कॅनडाचं थँक्सगिव्हिंग असतं, तो लांब वीकेंड टाळा. हिवाळी कार्निव्हल जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा पारा उणे 15–20 पर्यंत जाणं नेहमीचं. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता बसते. जाड कोटापेक्षा बुटांवर चढवायचे रबरी काटेरी पट्टे जास्त महत्त्वाचे. उतारावरच्या बर्फाची वितळून पुन्हा गोठून काच होते आणि घसरायला एक पाऊल पुरतं.

भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा त्याच्या जागी चालत नाही.

माँट्रियलहून अंतर सुमारे 250 किलोमीटर. ट्रेन किंवा बस, दोन्हीला तीन ते साडेतीन तास. चूक होते ती उतरताना: गावात शिरण्याआधी सेंट-फॉय नावाचं स्टेशन लागतं आणि ‘क्युबेक’ ऐकून लोक तिथेच उतरतात. तुम्हाला त्यापुढचं गार द्यु पाले स्टेशन हवं. तेही खालच्या मजल्यावर आहे. तिथून वरचं गाव जवळ, पण चढण चांगलीच. बॅग असेल तर टॅक्सी करा.

गाडी मात्र नको. तटबंदीतले रस्ते अरुंद, पार्किंग महाग आणि पाट्या फ्रेंचमध्ये. हिवाळ्यात आणखी एक भानगड: रस्त्यातला बर्फ उचलायचा असेल तेव्हा खांबावरचा नारिंगी दिवा लुकलुकतो. तिथल्या पाटीवर लिहिलेल्या वेळेत गाडी तिथे राहिली की उचलून नेतात.

खोली तटबंदीच्या आत घेतली तर रात्री सगळे गेल्यावर शहर तुमचं असतं. पण जुन्या घरांतल्या छोट्या हॉटेलांना बऱ्याचदा लिफ्ट नसते. बुकिंगआधी ‘आसांसर’ आहे का, आणि खोली कितव्या मजल्यावर, हे विचारा.

पहिला दिवस वर. सेंट-लुई वेशीपाशी तटावर चढा. तटबंदीचा पूर्ण फेरा 4.6 किलोमीटरचा, पण वेशींवरून जाणारा सेंट-लुई ते सेंट-जाँ एवढा तुकडा चालला तरी गावाची मांडणी डोक्यात बसते. मग बालेकिल्ला, म्हणजे सिटाडेल. 19व्या शतकात ब्रिटिशांनी बांधलेला हा ताऱ्याच्या आकाराचा किल्ला अजून लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे गाइडबरोबरच आत जाता येतं. इंग्रजी फेरीची वेळ आधी बघून घ्या. शेजारीच अब्राहमचं पठार. 13 सप्टेंबर 1759 ला इथली लढाई तासाभरातच आटोपली, दोन्हीकडचे सेनापती, ब्रिटिशांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा माँकाल्म, जखमी होऊन मेले आणि शहर ब्रिटिशांकडे आलं. आज तिथे नुसतं विस्तीर्ण हिरवळीचं मैदान आहे. इतिहास माहीत नसेल तर ‘यात काय बघायचं’ असं वाटेल. शेवट दुफरीन टेरेसवर, शातो फ्राँतनाकच्या पायाशी. 1893 ला उघडलेलं हे हॉटेल राजवाडा वाटतं, पण कधीच राजवाडा नव्हतं.

दुसरा दिवस खाली. नऊच्या आत उतरा. त्यानंतर प्ती-शांप्लां या चिंचोळ्या गल्लीत खांद्याला खांदा लागतो. उतरताना ‘कास-कू’ जिना, नावाचा अर्थच मान मोडणारा. चढताना फ्युनिक्युलर, 1879 पासून चालू असलेली कड्यावरची रेल्वे. उलटं करणारे जिन्याच्या मध्यावर धापा टाकताना दिसतात.

प्लास रोयाल या चौकात चर्चचा फोटो काढून लोक निघून जातात. जरा पायाखाली बघा. शांप्लाँ या फ्रेंच दर्यावर्दीने 1608 ला वसाहत सुरू केली ती इथेच, आणि त्याच्या दुसऱ्या इमारतीची रेघ फरसबंदीत काळ्या दगडांनी आखलेली आहे. दुपारी म्युझे द ला सिव्हिलिझासियाँ हे संग्रहालय. पावसाच्या दिवशी तर हेच आधी.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी नदीपलीकडच्या लेव्ही गावाची फेरीबोट पकडा. 10–12 मिनिटांचा प्रवास, स्थानिक लोक कामावर जायला वापरतात तीच बोट, पण कडा, तट आणि शातो एका नजरेत फक्त पाण्यावरूनच मावतात. परतीचं तिकीट वेगळं लागतं. हिवाळ्यात बोट बर्फाच्या लाद्या फोडत जाते. डेकवर उभं राहिलं की तो करकराट पायांतून जाणवतो.

खाण्यात दोन घोळ होतात. इथे ‘देजने’ म्हणजे नाश्ता, ‘दिने’ म्हणजे दुपारचं जेवण आणि ‘सुपे’ रात्रीचं. फ्रान्सचं फ्रेंच शिकून आलेले चुकीच्या वेळेचं टेबल राखून बसतात. दुसरा शाकाहाऱ्यांचा: पुतीन म्हणजे फ्राइज, चीजचे गोळे आणि वर तपकिरी रस्सा. तो रस्सा बहुधा मांसाच्या अर्काचा असतो. वाटाण्याच्या सूपमध्येही डुकराचं मांस असतं. ‘साँ व्हियाँद’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं विचारा. चीज ताजं असेल तर दाताखाली रबरासारखं किचकिचतं. आवाज नाही तर ते शिळं.

मेन्यूतल्या किमतीवर 14.975 टक्के कर चढतो, शिवाय 15 टक्क्यांच्या आसपास टिप. सोपा हिशेब: बिलावर दोन करांची जी बेरीज दिसते, तेवढीच टिप. 2025 पर्यंत कार्डाचं मशीन बऱ्याचदा करासकट रकमेवर टक्के काढायचं.

दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’, मग इंग्रजी. थेट इंग्रजीत सुरुवात केली तर उत्तर मिळतं, पण तुटक.

तिसरा दिवस असेल तर मोंमोरांसी धबधबा, शहरापासून 12 किलोमीटर. उंची 83 मीटर, नायगारापेक्षा सुमारे 30 मीटर जास्त. केबल कारने वर जा, धबधब्याच्या माथ्यावरचा झुलता पूल ओलांडा आणि पलीकडच्या 487 पायऱ्या उतरा. तुषारांनी तळाशी चिंब भिजायला होतं, म्हणून रेनकोट वरच घाला. हिवाळ्यात त्या पायऱ्या बंद असतात. तेव्हा केबल कारनेच परत या.