तोरणमाळला निघण्याआधी गाडीतला नकाशा समजून घ्या

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढायला लागलं की मोबाईलची रेंज तुटते आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "गेलं जीपीएस!" खरं तर जीपीएस जागेवरच असतं, गेलेलं असतं इंटरनेट. हा फरक कळला की सातपुड्यात गाडी घालताना निम्मी धास्ती कमी होते.

स्क्रीनवरचा निळा ठिपका उपग्रहांमुळे दिसतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपली वेळ व जागा सतत सांगत राहतात. फोन ते नुसतं ऐकतो, वर काहीच पाठवत नाही. त्यामुळे ठिपक्याला रिचार्ज लागत नाही. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. किमान चार उपग्रह लागतात: तीन जागेसाठी, चौथा फोनचं घड्याळ जुळवायला. कारण घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं.

रस्ते मात्र उपग्रहातून येत नाहीत. ते नकाशातले असतात, आणि नकाशा येतो इंटरनेटवरून. पोहोचण्याची वेळ, म्हणजे ईटीए, आणि गर्दीच्या लाल रेघाही तिथूनच.

म्हणून पहिलं काम घरीच करा. वाय-फायवर ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. शहादा, धडगाव, अक्कलकुवा तर घ्याच, शिवाय सीमेपलीकडचा खेतियाकडचा भागही घ्या. मग मोबाईल डेटा बंद करून गावातल्या गल्ल्या दिसतात का ते बघा.

आता ठिकाण टाका, आणि इथे घाई करू नका. पाचोरा तालुक्यातल्या पिंपळगाव हरेश्वरला जायचं असताना नुसतं 'पिंपळगाव' लिहिलं, तर नाशिककडचं पिंपळगाव बसवंत पुढे येऊ शकतं. तालुका लिहा. त्याहून बरं, ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्याकडून लोकेशन मागवा. कुणी अक्षांश-रेखांश पाठवले तर तेही चालतात: २१.०१, ७५.५६ म्हणजे जळगाव. दशांशानंतर दोन आकडे असले की साधारण किलोमीटरभराच्या आत पोहोचतो. चार असले की ११ मीटरच्या, म्हणजे जवळपास घराच्या दारात.

मग रूट निवडा. 'सर्वात जवळचा' आणि 'सर्वात लवकरचा' हे दोन वेगळे. एका पावसाळ्यात लग्नाला जाताना मी जवळचा निवडला. डांबर संपलं, दोन्ही बाजूंना कपाशी, आणि पुढे बोरी नदीची फरशी. तिच्यावरून गढूळ पाणी वाहत होतं, कडेचे दगडही दिसत नव्हते. निळी रेघ मात्र सरळ पलीकडे गेलेली. मागे वळवायला जागा नव्हती, अर्धा किलोमीटर गाडी उलटी आणावी लागली. तेव्हापासून मी रेघेवर बोट ठेवून पूर्ण रस्ता आधी सरकवून बघतो. नदी ओलांडताना रेघ बारीक झाली की तो रूट सोडतो.

निघताना फोन होल्डरला लावा, आवाज मराठीत करा आणि मोकळ्या आकाशाखाली अर्धा मिनिट थांबा. ठिपका स्थिर होऊ द्या. मोकळ्या जागीही फोनचा अंदाज साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतो. म्हणून महामार्गाच्या कडेला सर्व्हिस रोड असला की फोन तुम्हाला चुकीच्या रस्त्यावर दाखवू शकतो. तिथे पाटी वाचा. कन्नडच्या घाटासारख्या जागी सिग्नल कड्यावर आपटून येतो, ठिपका उड्या मारतो. तो बघून लगेच वळू नका.

वळण चुकलं तर ब्रेक मारू नका. सरळ चालत राहा, नकाशा नवा रस्ता काढतो. यालाच री-राउटिंग म्हणतात. नकाशा उतरवलेला असेल तर रेंजशिवायही होतं.

पावसाळ्यात नदीअलीकडच्या शेवटच्या फाट्यावर टपरीपाशी काच खाली करून विचारा, "भाऊ, फरशीवरून पाणी चाललंय का?"