टिंटॅजेलचं जुनं टपालघर बघायचंय?

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला गेलेले लोक टिंटॅजेलला राजा आर्थरच्या नावाने थेट किल्ल्याकडे धावतात. गावातल्या रस्त्यावरचं जुनं टपालघर जाता जाता फोटोपुरतं. माझं मत विचाराल तर अर्धा तास त्यालाच द्या. मुळात हे 14व्या शतकातलं दगडी शेतघर. 19व्या शतकात त्यातली एक खोली गावच्या पत्रांसाठी वापरली गेली आणि तेच नाव चिकटलं. 1903 साली जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते विकत घेतलं.

आत शिरण्याआधी रस्त्यापलीकडून छप्पर बघा. जड स्लेटच्या भाराने ते लाटांसारखं वाकलंय. मग मधल्या दालनात मान वर करा, वर माळा नाही, थेट आढं दिसतं. दारं ठेंगणी, उंच माणसांनी डोकं सांभाळावं.

तिकिटाचं मात्र नीट बघा. किल्ला इंग्लिश हेरिटेज या वेगळ्या संस्थेकडे आहे, टपालघर नॅशनल ट्रस्टकडे. एकाचं सदस्यत्व दुसरीकडे चालत नाही. हिवाळ्यात घर बंद असतं, तेव्हा तारखा वेबसाइटवर तपासूनच निघा.