आखेनमधली खोली सोडताना

जर्मनीला जाताना बॅगेत काय भरायचं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिथलं घर सोडताना काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. मास्टर्स झाल्यावर मी आखेन सोडलं, तेव्हा जे उपयोगी पडलं ते नव्याने जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे. पहिलीच गोष्ट सांगते: निरोपाची तयारी तीन महिने आधी सुरू करा. कागदपत्रं लवकर उरकली तरच शेवटचे पंधरा दिवस माणसांसाठी मोकळे राहतात, आणि ते मोकळे राहायलाच हवेत.

तीन महिने का, तर भाड्याच्या नेहमीच्या कराराला तेवढी नोटीस द्यावी लागते. तुमचं पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पोचलं, तरच तो महिना नोटिशीत धरतात. पत्र कागदावर आणि स्वतःच्या सहीचं लागतं, ईमेल चालत नाही. विद्यार्थी वसतिगृहांचे करार बहुधा ठरावीक मुदतीचे असतात आणि त्यांचे नियम वेगळे, तेव्हा आपला करार काढून नीट वाचा.

मग आबमेल्डुंग, म्हणजे नगरपालिकेच्या नोंदीतून नाव काढणं. हे घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत करावंच लागतं. त्याचा जो दाखला मिळतो तो जपून ठेवा, कारण आरोग्य विमा बंद करायचा असो वा इंटरनेटचा करार, सगळीकडे तोच मागतात. रेडिओ-टीव्हीचं शुल्क, म्हणजे रुंडफुंकबायट्राग, घरामागे महिना 18.36 युरो असतं. नगरपालिकेत नाव काढलं म्हणून ते आपोआप थांबत नाही. त्यांना वेगळं कळवावं लागतं. विद्यापीठाचा ईमेल नाव कमी झाल्यावर कधी ना कधी बंद होतो, म्हणून गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाची सविस्तर पुस्तिका, मोडुलहांडबुख, आधीच उतरवून घ्या. पुढे पीएचडीला किंवा दुसऱ्या देशात अर्ज करताना तिचीच गरज पडते.

आता घराबद्दल. माझ्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. परदेशी विद्यार्थ्याला खोली द्यायला अनेक जण कचरतात, पण त्यांनी मला एका भेटीत होकार दिला. कारण माझ्या आधीचा मुलगाही बाहेरच्या देशातला होता आणि त्याने खोली लख्ख ठेवून सोडली होती. मी त्याला कधी पाहिलं नाही, तरी ती खोली मला मिळाली ती त्याच्यामुळे. म्हणून खोली सोडताना माझ्या मनात एकच होतं: माझ्यानंतर येणारीलाही असाच होकार मिळावा. मला वाटतं, त्या घराचे आभार मानायची याहून खरी रीत नाही.

म्हणून भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवली, नळांवरचा पांढरा थर व्हिनेगर लावून काढला, ओव्हन आतून घासला. चावी देताना युबरगाबेप्रोटोकोल करतात. त्यात मीटरचे आकडे, चाव्यांची संख्या आणि भिंती-फरशीची अवस्था लिहून दोघं सह्या करतात. हे दिवसाउजेडी करा आणि फोटो काढून ठेवा. संबंध कितीही गोड असले तरी हा कागद हवाच, त्यामुळेच ते गोड राहतात. अनामत, तिथली काउत्सिओन, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते. ती लगेच हातात पडत नाही, काही महिने जाऊ शकतात. हीटिंग आणि पाण्याचा हिशेब तर वर्ष संपल्यावर येतो. तोवर बँकेचं खातं बंद करू नका, आणि व्यवहार करताना बँक ओळख पटवण्यासाठी जे संदेश पाठवते ते जर्मन सिमवर येत असतील तर त्यांची आधीच सोय लावा.

सामानाचं म्हणाल तर भांडी, पुस्तकं, टेबल लॅम्प मागून येणाऱ्या मुलांना द्या. उरलेलं खोक्यात भरून, 'झू फेअरशेंकन', म्हणजे 'फुकट घेऊन जा', अशी चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. गादी-कपाटासारख्या मोठ्या वस्तू मात्र रस्त्यावर टाकू नका. त्या उचलायला नगरपालिकेची वेळ घ्यावी लागते. मी पुढच्या मुलीसाठी दोन पानं लिहून ठेवली होती: कुठला कचरा कुठल्या वारी, हीटरचं बटण कुठवर फिरवायचं, रविवारी ड्रिल का लावायचं नाही, शेजारच्या आजोबांचं पार्सल घेऊन ठेवलं की ते किती खूश होतात.

आणि माणसं. तिथे कुणी 'सहज' भेटत नाही, वेळ ठरवावी लागते. म्हणून महिनाभर आधीच विचारा. रविवारी दुपारी कॉफी आणि केकला बोलावलं तर बहुतेक जण आनंदाने येतात. प्राध्यापकांना महाग भेट देऊ नका. ते सरकारी सेवेत असतात आणि भेटी घेण्यावर बंधनं असतात. त्यापेक्षा हाताने पत्र लिहा, आणि 'सगळ्याबद्दल धन्यवाद' एवढंच लिहू नका. माझा प्रबंध अडला तेव्हा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांनी यंत्र नव्याने जुळवून दिलं होतं. मी नेमकं तेच लिहिलं. ते पत्र त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

अर्धवेळ नोकरी केली असेल तर निघण्याआधी आर्बाइट्सझॉइग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, लेखी मागा. तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. तुमच्या कामाचं मूल्यमापनही असलेलं सविस्तर प्रमाणपत्र हवं, असं स्पष्ट सांगा. भाषा ठरावीक साच्यातली असते आणि एखाद्या शब्दाने श्रेणी बदलते, तेव्हा तिथल्या जाणकार सहकाऱ्याकडून वाचून घ्या.

गावालाही एक दिवस द्या. मी कॅथेड्रलमध्ये गेले, 1978 साली जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत आलेली बारा ठिकाणं होती, त्यातलं हे एक. मग एलिझेनब्रुनेनच्या गरम झऱ्यापाशी बसले. गंधकाचा तो वास पहिल्या आठवड्यात नकोसा झाला होता, पुढे तोच मला वज्रेश्वरीच्या कुंडांजवळ नेऊन सोडायचा. संध्याकाळी लुसबर्ग टेकडीवर मैत्रिणींबरोबर चढले. फोटो फारसे काढले नाहीत, गप्पाच जास्त झाल्या.

परतल्यावरही दोन कामं उरतात. पगारातून पेन्शनची वर्गणी कापली गेली असेल आणि ती एकूण पाच वर्षांपेक्षा कमी असेल, तर भारतात परतलेल्यांना युरोपीय संघ सोडल्यावर 24 महिन्यांनी स्वतःचा हिस्सा परत मागता येतो. पगाराच्या पावत्या आणि विमा क्रमांक त्यासाठी सांभाळा. दुसरं काम पत्रांचं. घरमालकीणबाईंचं नाताळचं कार्ड मी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टपालात टाकते, म्हणजे वेळेत पोचतं.