छत्रीला नेलपॉलिशची खूण

वळवाच्या वाऱ्यात गच्चीवरची डीडी फ्री डिशची छत्री जराशी सरकली, तरी चित्र जातं आणि मेकॅनिकची वाट बघावी लागते. चित्र स्वच्छ असतानाच ही खूण करून ठेवा.

१. आधी दोरीला नट बांधून खांब ओळंब्यात आहे ना ते पाहा. खांब कललेला असेल तर पुढची सगळी मेहनत वाया.
२. बोल्ट आवळा.
३. खांब आणि क्लॅम्प यांच्या सांध्यावर गडद नेलपॉलिशची आडवी आणि उभी रेघ ओढा. वर-खाली झुकवायच्या पट्टीवरही एक.

छत्री हलली की रेघा जुळवा, बोल्ट आवळा. (महाराष्ट्रात तिचं तोंड साधारण आग्नेयेला असतं.)

विजा चमकत असताना किंवा गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील तर स्वतः चढू नका.